घरचे म्हातारे सोडून परक्यांची सेवा?

वसईहून एका आईचं पत्र आलंय. चार पानं, हाताने लिहिलेली. त्यातला गाभा इथे देते.

"माझी मुलगी २६ वर्षांची, मुंबईत एका हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. गेल्या पावसाळ्यापासून सुट्टी मिळाली की ती अंधेरीला लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर यांच्या वृद्धाश्रमात जाते. आता म्हणते, मला त्यांच्यातच जायचंय. आमच्या घराण्यात याआधी दोन सिस्टर झाल्या, पण त्या शाळेच्या सिस्टर, आमच्या ओळखीच्या. ह्या कोण, कुठल्या, आम्हाला काही ठाऊक नाही. मुलगा कॅनडात स्थायिक झाला. मी ५९ ची, मिस्टर ६४ चे. त्यांना शुगर आहे नि गुडघे गेलेत. दोन वर्षांपूर्वी मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं, त्यावरून नातेवाईक नाही नाही ते बोलतात. मला एकच कळत नाही. ही परक्या म्हाताऱ्यांचं हगणं-मुतणं काढायला जाणार, आणि घरच्या म्हाताऱ्यांना कोण बघणार? हे कसलं देवाचं पाचारण? मी नाही म्हटलं तर मला पाप लागेल का?"

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तोच तुम्हाला रात्री झोपू देत नसणार. पाप लागणार नाही. आईबापांच्या म्हातारपणाची काळजी म्हणजे देवाच्या कामात घातलेला खोडा नव्हे. बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय काढून वाचा. आईबापांना द्यायचं ते "कुर्बान" म्हणून देवाला वाहिलं आणि आपण मोकळे झालो, असं म्हणणाऱ्यांवर येशू तिथे किती संतापलाय बघा. देवाचं नाव पुढे करून घरच्या जबाबदारीतून सुटायची वाट त्याने स्वतः बंद केली. ख्रिस्तसभेनेही, म्हणजे कॅथलिक चर्चनेही, हा प्रश्न टाळला नव्हता. १९१७ च्या धर्मसंहितेत, म्हणजे ख्रिस्तसभेच्या कायद्यात, तर स्पष्ट कलम होतं. ज्यांचे आईवडील किंवा आजी-आजोबा गंभीर गरजेत आहेत आणि त्यांना मदत करणं ज्यांच्यावर बंधनकारक आहे, अशांना संन्यस्त संघात घेणं त्या कलमाने गैर ठरवलं होतं. १९८३ च्या नव्या संहितेत हे कलम वेगळं लिहिलेलं नाही, पण त्यामागचं तत्त्व कुणी रद्द केलेलं नाही.

तेव्हा "गंभीर गरज" हे शब्द हातात घ्या आणि स्वतःच्या घराकडे प्रामाणिकपणे बघा. तुमच्या पत्रात पुढे आहे की राहतं घर आहे, वाडी आहे, मिस्टरांची पेन्शन येते, मुलगा महिन्याला पैसे पाठवतो. तुम्ही स्वतः हिंडत्या-फिरत्या आहात. मला यात गंभीर गरज दिसत नाही. मला भीती दिसते, आणि एकटेपण दिसतं, जे अजून आलेलं नाही पण येणार हे तुम्हाला कळलंय. ही काही छोटी गोष्ट नाही. पण गरज वेगळी आणि भीती वेगळी. गरज असती तर मी तुमच्या मुलीलाच लिहिलं असतं, की पोरी, थांब. भीती असेल तर ती मुलीसमोर उघड बोलायची असते, "लोक काय म्हणतील" आणि "पपांचे गुडघे" यांच्या आड लपवायची नसते. तुम्ही तिला आजवर "मला एकटं पडायची भीती वाटते" हे एवढं एक वाक्य सांगितलंत का? पत्रात तरी मला ते सापडलं नाही.

आता ह्या बाया कोण, ते सांगते. जरा सविस्तर सांगणार आहे, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यांच्या जन्मकथेतच आहे.

फ्रान्सच्या वायव्य टोकाला ब्रिटनी म्हणून प्रांत आहे. तिथल्या समुद्रकाठच्या कांकाल गावात २५ ऑक्टोबर १७९२ रोजी जान ज्युगां हिचा जन्म झाला. बाप मासेमारीला जायचा. ती लहान असतानाच तो समुद्रावर गेला तो परतला नाही. आपल्याकडच्या कोळीवाड्यांना हे दुःख वेगळं समजावून सांगायला नको. आईने मोलमजुरी करून पोरं वाढवली. सोळाव्या वर्षी जान एका श्रीमंत घरी स्वयंपाकघरात कामाला लागली. एका खलाशाने तिला मागणी घातली, तिने नाकारली. देवाने मला कुठल्याशा कामासाठी राखून ठेवलंय, ते काम अजून सुरूच झालेलं नाही, असं ती आईला म्हणाल्याचं सांगतात. पुढे ती सँ-सेर्वां या बंदराच्या गावी गेली, तिथल्या इस्पितळात राबली, मग एका प्रौढ बाईकडे बरीच वर्षं राहून घरकाम केलं. ती बाई वारल्यावर दोन मैत्रिणींबरोबर भाड्याच्या दोन खोल्यांत राहू लागली आणि दिवसाच्या मजुरीवर लोकांचे कपडे धुणं, शिवणं अशी कामं करू लागली.

१८३९ चा हिवाळा आला. जान तेव्हा ४७ वर्षांची होती. आन शोवँ नावाची एक म्हातारी, आंधळी आणि अर्धांग झालेली, अगदी निराधार झाली होती. जानने तिला घरी आणलं, आपला पलंग तिला दिला आणि स्वतः माळ्यावर जाऊन झोपली. संघाची सुरुवात ती एवढीच. आधी मठ नव्हता, नियमावली नव्हती, बिशपांचं पत्र नव्हतं. एक पलंग होता, तो दिला. मग दुसरी म्हातारी आली, तिसरी आली. १८४१ साली त्यांनी मोठी जागा भाड्याने घेतली, तिथे बाराजणी राहू लागल्या.

आता खाऊ काय घालायचं? त्या म्हाताऱ्या आधी रस्त्यावर भीक मागून जगत होत्या. जानने त्यांना भीक मागणं सोडायला लावलं आणि विचारलं, तुम्हाला कोण कोण देत होतं, त्यांची नावं-पत्ते मला सांगा. मग टोपली घेऊन ती स्वतः त्या दारांवर गेली. म्हणाली, त्यांच्यासाठी मागायला आता मी येणार, तुमची मदत चालू ठेवा. पाव, उरलेलं अन्न, जुने कपडे, सरपण, जे मिळेल ते. मला या कथेत सर्वात जास्त हलवतं ते हेच. पलंग देणं मोठंच आहे, पण दुसऱ्याची लाज स्वतःच्या अंगावर घेऊन अनोळखी दार ठोठावणं त्याहून अवघड आहे. एकदा म्हणे एका माणसाने वैतागून तिच्या थोबाडीत मारली. ती म्हणाली, हे माझ्यासाठी झालं, आता माझ्या गरिबांसाठी काहीतरी द्या.

या भगिनी आजही मागतात. कायमच्या उत्पन्नावर विसंबायचं नाही, हा त्यांचा जुना निर्णय. १८६५ साली स्थिर उत्पन्न घ्यावं की न घ्यावं असा पेच पडला, तेव्हा बाजूला बसवलेल्या म्हाताऱ्या जानला मुद्दाम बोलावून विचारलं गेलं. न घेण्याच्या ठरावावर तिची सही आहे.

बाजूला बसवलेली का, तेही सांगायला हवं. चांगलं तेवढंच सांगितलं तर तुम्ही माझ्यावर विश्वास का ठेवाल? संघाला मार्गदर्शन करणारे तिथल्या धर्मग्रामातले एक तरुण धर्मगुरू होते, ल पाय्येर नावाचे. डिसेंबर १८४३ मध्ये सोबतिणींनी जानला पुन्हा प्रमुख म्हणून निवडलं, आणि अवघ्या पंधरवड्यात या फादरांनी ती निवड रद्द करून २३ वर्षांच्या मारी जामेला तिच्या जागी बसवलं. जान मागत फिरत राहिली. रेन, तूर, आंजे, एकेका शहरात घरं उघडत गेली. १८४५ मध्ये फ्रेंच अकादमीने तिला सदाचाराचं तीन हजार फ्रँकांचं पारितोषिक दिलं. १८५२ साली मात्र तिला मुख्य घरी परत बोलावून लोकांपासून दूर ठेवण्यात आलं. पुढची २७ वर्षं ती नवशिक्या मुलींमध्ये राहिली. संघाचा संस्थापक मीच, अशी कथा ल पाय्येर यांनी रूढ केली होती. २९ ऑगस्ट १८७९ रोजी ८६ व्या वर्षी ती गेली, तेव्हा संघात सुमारे २,४०० भगिनी होत्या. आपल्यातली ही म्हातारी सिस्टर मेरी ऑफ द क्रॉस (जानचं संघातलं नाव) म्हणजे संस्थापिका, हे त्यांच्यातल्या कितीतरी तरुण मुलींना माहीतही नव्हतं.

ही गोष्ट अनेकदा "बघा, केवढी नम्रता, केवढी आज्ञाधारकता" म्हणून सांगितली जाते. जानची नम्रता खरी होती, तिच्यापुढे मी हात जोडते. पण तिच्यावर झाला तो अन्याय होता, आणि अन्यायाला अन्याय म्हटल्याने तिची पवित्रता कमी होत नाही. ख्रिस्तसभेनेच पुढे चौकशी केली. १८९० मध्ये ल पाय्येर यांना अधिकारावरून दूर करून रोमला बोलावून घेतलं गेलं. जानला १९८२ मध्ये धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) आणि ११ ऑक्टोबर २००९ रोजी संत घोषित केलं गेलं. तुमच्या मुलीने आत जाण्याआधी हा सगळा इतिहास वाचलेला असावा असं मला वाटतं. आणि वरिष्ठांचं चुकलं तर तुमच्याकडे दाद मागायची वाट कोणती, असा प्रश्न तिने तिथल्या सिस्टरांना सरळ विचारावा. ज्या घरात या प्रश्नाचं शांतपणे उत्तर मिळतं, त्या घरावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

भारतात या भगिनी १८८२ मध्ये कोलकात्याला आल्या. म्हणजे "ह्या कोण, कुठल्या" म्हणण्याइतक्या नव्या त्या नाहीत. इतर संघांप्रमाणे दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रतं त्या घेतातच, पण त्यांचं चौथं व्रत आहे आतिथ्याचं. ती कल्पना त्यांना संत जॉन ऑफ गॉड यांच्या नावाच्या धर्मबंधूंच्या संघाकडून मिळाली. दारी आलेला निराधार वृद्ध हा पाहुणा, आणि पाहुण्याला शेवटच्या श्वासापर्यंत सोडायचं नाही. कुठल्या जातीधर्माचा हे त्या विचारत नाहीत. मरणाऱ्या माणसाजवळ रात्रभर पाळीपाळीने बसणं हा त्यांच्या कामाचा गाभा आहे. तुम्ही "हगणं-मुतणं" लिहिलंत. हो ताई, तेही त्यात आहे, रोजचं आहे. तुमची मुलगी नर्स आहे, तिला ते तुमच्या-माझ्यापेक्षा नीट माहीत आहे. आणि माहीत असूनही ती सुट्टीच्या दिवशी पुन्हा तिथेच जाते. यावर एकदा विचार करा.

आता लग्न मोडल्याचं. मन मोडलं म्हणून मठात गेली, असं नातेवाईक म्हणणारच. तसं असूही शकतं, मी नाकारत नाही. पण दुःखानंतर ऐकू आलेलं बोलावणं खोटंच असतं असं कुणी सांगितलं? आपल्याच वसईच्या संत गोन्सालो गार्सियाची वाट तरी कुठे सरळ होती? जपानात जेझुइट संघाच्या धर्मगुरूंसोबत काम केलं, त्यांच्या संघात जायची इच्छा पुरी झाली नाही, व्यापार केला, आणि मग मनिलात फ्रान्सिस्कन या दुसऱ्या संघात धर्मबंधू झाला. खरं-खोटं ठरवायचं काम तुमचं नाही, माझंही नाही. त्यासाठीच तर इतकी वर्षं ठेवलेली आहेत.

ती वर्षं कशी असतात ते बघा, म्हणजे "उद्या गेली नि कायमची गेली" ही धास्ती कमी होईल. सुरुवातीला नुसतं येणं-जाणं, राहून बघणं, मग उमेदवारी. त्यानंतर नोव्हिसिएट, म्हणजे नवदीक्षेचा काळ, जो संहितेप्रमाणे किमान बारा महिन्यांचा असतो. त्यात कुठल्याही दिवशी बॅग उचलून घरी यायला ती मोकळी, आणि संघही तिला परत पाठवायला मोकळा. पुढे मुदतीची व्रतं, साधारण तीन ते सहा वर्षांची, ती जास्तीत जास्त नऊपर्यंत वाढवता येतात. मुदत संपली की निघता येतं. कायमची व्रतं त्यानंतर. म्हणजे मुलगी यंदा गेली तरी शेवटचा शब्द द्यायला तिला बरीच वर्षं आहेत. वाडीतल्या वाट्याचा विषय तुम्ही शेवटी ओझरता काढलाय. पहिल्या व्रतांआधी तिला आपल्या मालमत्तेची व्यवस्था कुणाकडे तरी सोपवावी लागेल आणि कायमच्या व्रतांआधी मृत्युपत्र करावं लागेल. याहून जास्त आत्ता काही करायचं नाही.

आणि मिस्टर अंथरुणाला खिळले तर? योग्य कारण असेल तर वरिष्ठ भगिनीला एक वर्षापर्यंत संघाच्या घराबाहेर राहायची परवानगी देऊ शकतात, अशी तरतूद धर्मसंहितेत आहे. मागितली की मिळेलच असं नाही. म्हणूनच प्रवेशाआधी मुलीला बरोबर घेऊन तिथल्या प्रमुख सिस्टरांना विचारा: आईवडील गंभीर आजारी पडले तर तुम्ही काय करता? घरी किती वर्षांनी, किती दिवस पाठवता? हे विचारण्यात संकोच करू नका. म्हाताऱ्यांसाठी आयुष्य देणाऱ्या बायांना हा प्रश्न उद्धट वाटणार नाही.

माझ्या धाकट्या बहिणीचं सांगते. तीही अशीच एका संघात गेली. आई तिला सोडायला स्टेशनवर आली नाही, चुलीपुढे बसून तांदळाच्या भाकऱ्या थापत राहिली. मी गेले, पण गाडी सुटता सुटता तिला म्हणाले, तू पळून चालली आहेस. त्यानंतर दीड वर्ष आईने तिच्या एकाही पत्राला उत्तर दिलं नाही. ती पत्रं मी आईला वाचून दाखवायचे, आई ऐकायची आणि उठून जायची. पुढे वडील शेवटच्या दुखण्यात पडले तेव्हा बहिणीला तीन आठवड्यांची परवानगी मिळाली. त्या तीन आठवड्यांत वडिलांना अंघोळ तिने घातली, माझ्या हातून ते होत नव्हतं. आईने नंतर मला एकदाच विचारलं, त्या दीड वर्षातली पत्रं कुठे ठेवलीस? मी ठेवली होती. तुम्ही मुलीला परवानगी द्या किंवा देऊ नका, पण बोलणं थांबवू नका. मी तिला "पळून चालली आहेस" म्हणाले, ते शब्द मला परत घेता आले नाहीत.

तिला वर्षभर थांब म्हणायचं असेल तर म्हणा, त्यात गैर काही नाही. जानने खलाशाला नाही म्हटलं त्यानंतर ती म्हातारी तिच्या पलंगावर येईपर्यंत वीसहून जास्त वर्षं गेली, तिचं पाचारण काही नासलं नाही. मात्र थांबवायचं ते बघण्यासाठी. ती थकून नाद सोडेल या हिशोबाने थांबवाल तर तिला ते आठ दिवसांत कळेल. त्या वर्षात स्थळं आणू नका. मुलाशी मात्र आत्ताच बोला. आजवर या सगळ्या चर्चेत कॅनडातल्या मुलाला कुणी "आम्हाला कोण बघणार" असं विचारलेलं दिसत नाही. परदेशात नोकरीसाठी गेला तो कर्तबगार आणि अंधेरीला सेवेला निघाली ती स्वार्थी, हा हिशोब मला पटत नाही, ताई. दोघं आहेत तर प्रश्न दोघांना विचारा. आजारपणात पैसे कुणी द्यायचे, माणूस कोण ठेवायचा, रात्री-अपरात्री कुणाला हाक मारायची, हे भावाबहिणीने तुमच्यासमोर बसून, व्हिडिओ कॉलवर का होईना, ठरवायला हवं. मुलगी अजून घरात आहे तोवरच ते ठरू द्या.

आणि एक रविवार काढा. आधी फोन करून मिस्टरांना घेऊन मुलीबरोबर अंधेरीला जा. ऑफिसातच बसून परत येऊ नका, आत जा, एखाद्या आजीच्या खाटेशेजारी तासभर बसा. तिला मुलं किती, कुठे असतात, ते विचारा. मुलगी तिथे कशी वावरते, कुणाशी कशी बोलते ते लांबून बघा. घरी ती आजकाल चिडचिड करते असं तुम्ही लिहिलंय, तिथेही करते का तेही बघा. जाताना वाडीतली केळी आणि भाजी घेऊन जा. त्या घेतात.